कुरणातली नौका

आमच्या गावच्या खाडीवर एक होडी कित्येक पावसाळे पालथी पडून होती. मालक मुंबईस गेला, तिकडेच वारला. मुलांना होडीशी कर्तव्य नव्हते. तिच्या पाठीवर शेवाळ धरले, कडेच्या फळीतून पिंपळाचे रोप डोकावू लागले आणि शेजारच्या कोंबड्या तिच्या आडोशाला अंडी घालू लागल्या. एका मे महिन्याच्या सुट्टीत, का कोण जाणे, ती दुरुस्त करण्याची लहर मला आली. माझे दोन जुने विद्यार्थी हाताशी होते. सारा गाव ज्याला तात्या म्हणे तो म्हातारा सुतार तोंडाने मदत करावयास तयार होता. हाताने नव्हे, कारण हात थरथरत. पहिल्याच दिवशी त्याने एका फळीत दाभण खुपसले, ते मुठीपर्यंत आत गेले. तात्याने दाभण पुसून खिशात ठेवले आणि म्हणाला, "मास्तर, ही दुरुस्त करायची म्हणजे हिच्या मापाची दुसरी करायची. परवडेल का?"

त्यानंतर महिनाभर जो येई तो हाच प्रश्न विचारी. शाळेचा शिपाई विचारी, पोस्टमन विचारी, शिकवणीच्या पोरांचे पालक विचारीत. आमच्या घरात तर तो दिवसातून दोनदा, सकाळच्या चहाबरोबर आणि रात्रीच्या पानावर, वाढला जाई.

रात्री हाताला आलेले फोड कुरवाळीत मी एक जुने पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले. कप्तान जोशुआ स्लोकम या दर्यावर्दी गृहस्थाने एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेची ती हकीगत. असा पराक्रम करणारा तो जगातला पहिला मनुष्य. तरुणपणी मी ती साहसकथा म्हणून वाचली होती. या खेपेस मात्र वादळे, चाचे आणि दूरदूरची बेटे मी भराभर उलटली आणि पहिल्या काही पानांपाशीच अडकून बसलो. कारण त्या पानांत एका कुरणात कुजत पडलेल्या होडक्यापाशी एक पोक्त मनुष्य हातात कुऱ्हाड घेऊन उभा होता, आणि गावचे लोक त्याला विचारीत होते, पैसे वसूल होतील का म्हणून. ही गोष्ट १८९२ सालची. पृथ्वीप्रदक्षिणेवर पुष्कळांनी लिहिले आहे. मला तिच्या आधीचे तेरा महिने सांगावयाचे आहेत.

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांतातला. बाप शेती सोडून ब्रायर बेटावर गेला आणि कोळ्यांचे जाडजूड बूट शिवू लागला. जोशुआला दहाव्या वर्षी शाळेतून काढून त्या बुटांच्या दुकानात बसवले. तीन इयत्तांवर त्याचे शिक्षण आटोपले. एकदा तळघरात बसून तो चोरून लाकडाचे चिमुकले जहाज कोरीत होता. बापाने पाहिले आणि ते हिसकावून फोडून टाकले. आम्ही शिक्षक मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण मुलांच्या बाकाखालून असली किती जहाजे आपण जप्त केली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही! चौदाव्या वर्षी जोशुआ पळाला आणि एका मासेमारी गलबतावर आचारी राहिला. त्याचे पहिलेच पक्वान्न खाऊन खलाशांनी त्याला हाकलून दिले, असे तो मोठ्या खुशीने सांगतो. १८६० साली आई गेली तेव्हा त्याने घर कायमचे सोडले.

पुढची पंचवीस वर्षे चढत्या कमानीची. साध्या खलाशाचा तो कप्तान झाला. अमेरिकेचा नागरिक झाला. १८७१ साली सिडनी बंदरात व्हर्जिनिया वॉकर या तरुणीशी त्याचे लग्न झाले. तिने आपला संसारच जहाजावर मांडला. त्यांची मुले जहाजावर जन्मली, जहाजावर वाढली. नॉर्दर्न लाइट नावाचे मोठे तीन डोलकाठ्यांचे जहाज स्लोकमच्या हाती आले, तेव्हा त्याच्या मते त्याहून सुंदर अमेरिकन जहाज त्या काळी समुद्रावर नव्हते.

परंतु ज्या वर्षांत तो चढत होता त्याच वर्षांत त्याचा धंदा बुडत होता. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला. मुंबईला जाणारा रस्ता हजारो मैलांनी तोकडा झाला, पण तो आगबोटींपुरताच. तांबड्या समुद्रातल्या वाऱ्याच्या भरवशावर शिडाच्या जहाजांनी त्या अरुंद वाटेने जाणे व्यवहाराचे नव्हते. आगबोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, वेळापत्रक छापता येते, आणि व्यापाऱ्याला वेळापत्रकासारखी प्रिय वस्तू दुसरी नाही. हळूहळू शिडाच्या जहाजांना माल मिळेनासा झाला. उंच डोलकाठ्यांची देखणी जहाजे कापून त्यांचे कोळशाचे तराफे केले गेले, आणि ज्यांनी सातासमुद्रांवर शिडे फडकवली ती एखाद्या धूर ओकणाऱ्या बोटीच्या मागे दोर बांधून बंदराबंदरांतून ओढली जाऊ लागली. त्यांच्या कप्तानांनी काय करावे? काही थोडे आगबोटींवर गेले. पुष्कळांनी म्हाताऱ्या खलाशांच्या आश्रमाची वाट धरली.

स्लोकमवर तर आपत्ती एकामागून एक आल्या. १८८४ च्या जुलैत ब्युनोस आयर्सपाशी नांगरलेल्या अॅक्विडनेक जहाजावर व्हर्जिनिया वारली. दीड वर्षाने त्याने हेट्टी नावाच्या आपल्या नात्यातल्या मुलीशी लग्न केले. १८८७ च्या अखेरीस तेच अॅक्विडनेक ब्राझीलच्या किनाऱ्याला वाळूच्या दांड्यावर चढले आणि मोडले. जहाजाचा विमा नव्हता. बायको, मोठा मुलगा व्हिक्टर, धाकटा गारफील्ड आणि फुटक्या जहाजातून वाचवलेले सामान, एवढी इस्टेट घेऊन स्लोकम परक्या किनाऱ्यावर उभा राहिला. तेथे त्याने पहिल्यांदा ते केले जे पुढे फेअरहेवनला केले. मोडक्या जहाजातले उपयोगी पडेल ते आणि जंगलातले लाकूड घेऊन त्याने पस्तीस फुटांची एक नौका स्वतः बांधली. शिवणकाम जाणणाऱ्या हेट्टीने शिडे शिवली. नौका पाण्यात उतरली तो दिवस १३ मे १८८८. त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही झाली. म्हणून नौकेचे नाव 'लिबरदादे', म्हणजे स्वातंत्र्य. त्या घरगुती होडक्यातून सुमारे साडेपाच हजार मैल तोडून हे कुटुंब अमेरिकेस परतले. हेट्टी मात्र त्यानंतर नवऱ्याबरोबर लांबच्या सफरीवर पुन्हा कधी गेली नाही. मी तिला दोष देत नाही.

आता १८९२ चा हिवाळा. स्थळ बोस्टन. कप्तानाचे वय अठ्ठेचाळिसाच्या घरात, आणि हाताला काम नाही. मीही त्या वयाच्या अलीकडच्याच पायरीवर आहे, आणि या वयात 'आता तुमचे काय काम?' असे कोणी तोंडावर न म्हणता नुसत्या नजरेने म्हटले तरी ते कसे लागते, हे मला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गोदीत काम शोधावे तर तेथे शिरकाव व्हावयास आधी पन्नास डॉलर भरावयाचे. अशा वेळी देवमाशांच्या शिकारीवर आयुष्य घालवलेला एक जुना स्नेही, कप्तान एबेन पिअर्स, त्याला भेटला. तो म्हणाला, फेअरहेवनला ये, तुला एक जहाज देतो; थोडी दुरुस्ती मात्र हवी.

स्लोकम दुसऱ्या दिवशी गेला. अकुश्नेट नदीच्या काठी, न्यू बेडफर्ड या प्रसिद्ध बंदरासमोर, फेअरहेवन हे छोटे गाव आहे. देवमाशांच्या शिकारीचा सारा व्यापार एके काळी या परिसरातून चाले. 'मोबी डिक' लिहिणारा मेलव्हिल १८४१ साली याच नदीतून शिकारी जहाजावर चढला होता. तेव्हा जगाचे दिवे देवमाशाच्या तेलावर जळत. पुढे १८५९ साली पेनसिल्व्हेनियात जमिनीतून खनिज तेल निघाले, रॉकेल स्वस्त झाले आणि त्या बंदराचे नशीब हळूहळू विझत गेले. म्हणजे जेथे स्लोकम आला तो गावही त्याच्यासारखाच होता: हुन्नर अंगात, पण गिऱ्हाईक नाही.

पिअर्सने त्याची थट्टा केली होती. पाण्यापासून दूर, एका कुरणात, टेकू लावून आणि वर कॅनव्हास पांघरून एक जुनाट गलबत उभे होते. कालवे काढावयाच्या कामाचे, एका डोलकाठीचे. नाव 'स्प्रे', म्हणजे तुषार. सात वर्षे ते तेथेच होते आणि त्यावरून गावाने पिअर्सची थट्टा चालवली होती. आता ती थट्टा त्याने मित्राच्या गळ्यात घातली. शेजारीपाजारी सांगत, गलबत सन १ मध्ये बांधलेले आहे. कोणी फार कौतुकाने म्हणत नसे. स्लोकम तेथे पोचला तेव्हा लोकांना वाटले, अखेर हे धूड मोडून नेणारा मनुष्य आला. तो म्हणाला, मी हे पुन्हा बांधणार आहे. लोक गप्प झाले. मग वसुलीचा तो प्रश्न सुरू झाला, तो वर्षभर चालला. आणि त्यावर त्याचे उत्तर एकच असे, की वसूल मी करीन.

माझ्या तात्याने पाहिले असते तर तो खूश झाला असता, कारण स्लोकमने आरंभ केला तो फळीपासून नव्हे, कण्यापासून. होडीच्या तळाशी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जे जाड सोट लाकूड जाते तो तिचा कणा. तो कुजका ठेवून वर कितीही नव्या फळ्या मारा, ते मुडद्याला रेशीम नेसवण्यासारखे. जवळच ओकचा एक दणकट वृक्ष होता. तो स्लोकमने स्वतः कुऱ्हाडीने पाडला. एका शेतकऱ्याने थोडक्या मोबदल्यात ते झाड आणि बरगड्यांपुरते लाकूड ओढून आणून दिले. कुरणात वाढलेल्या ओकचे लाकूड तेथे फार चिवट मानतात. मोकळ्यावर एकटे उभे राहून सगळ्या दिशांचे वारे खाल्लेले झाड ते!

मग बरगड्या. होडीच्या बरगड्या वाकड्या, आणि झाडे तर सरळ. मोठे कारखाने नैसर्गिक बाकाची लाकडे शोधून आणीत. एकट्या माणसाला ते कोठून परवडावे? स्लोकमने लाकडाची एक लांब पेटी केली आणि बॉयलरच्या जागी एक भांडे चुलीवर चढवले. सरळसोट कोवळी झाडे तासून त्या पेटीत घालावयाची आणि वाफ सोडावयाची. उष्ण वाफेने लाकडाचे तंतू नरम होतात. नरम लाकूड एका ओंडक्यावर वाकवून बांधून ठेवावयाचे; थंड झाले की ते तोच बाक धरून राहते. रोज संध्याकाळपर्यंत काहीतरी डोळ्यांना दिसेल असे उभे राहत असे, आणि ते पाहावयास गावातले म्हातारे कप्तान येत.

हे म्हातारे मला या हकीगतीतले सर्वांत जिवंत लोक वाटतात. एकेकाने अर्धा जन्म आर्क्टिकच्या बर्फात काढलेला. आता दिवसभर करावयाचे काही नाही. वाफेच्या पेटीभोवती त्यांचा अड्डा जमू लागला. दोन शिकारी जहाजे भर समुद्रात भेटली म्हणजे खलाशी गप्पांना एकत्र बसत, तसा. आरंभी थट्टेने आलेले हे लोक हळूहळू परीक्षक झाले. नाळेच्या आतल्या बाजूला स्लोकमने बसवलेले जाड आधार पाहून त्यांतल्या एकाने निकाल दिला, की ही नौका बर्फात घालावयास हरकत नाही. त्या मनुष्याकडून याहून मोठी पदवी मिळणे शक्य नव्हते.

बरगड्या उभ्या राहतात न राहतात तो सफरचंदाची झाडे फुलली. नंतर चेऱ्या पिकल्या. कुरणालगत जॉन कुक नावाच्या गृहस्थाची जुनी कबर होती. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेत आलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांपैकी तो एक. त्या कबरीवर झुकलेल्या झाडाच्या चेऱ्या नव्या नौकेवरून हात लांबवून तोडता येत, असे स्लोकम लिहितो. काम करता करता चेरी तोंडात टाकावयाची आणि बी कबरीच्या दिशेस थुंकावयाची की दुसरीकडे, हे त्याने सांगितलेले नाही.

तख्ते बसवणे हे काम मोठे कंटाळवाणे. जॉर्जियाच्या पाइनचे दीड इंच जाडीचे तख्ते त्याने वापरले. एक तख्ता दुसऱ्याला असा भिडवावयाचा की आतल्या बाजूने दोहोंतून उजेडाची रेघ दिसता कामा नये, आणि बाहेरच्या बाजूने मात्र किंचित फट राहिली पाहिजे, कारण त्या फटीत कापूस ठोकावयाचा असतो. कापूस आणि त्यावर जुने दोर पिंजून केलेला काथ्या पाण्यात फुगतात आणि सांधा घट्ट करतात. तख्त्यांची टोके त्याने आरपार बोल्ट घालून चाक्यांनी आवळली. साध्या खिळ्याने काम भागले असते आणि पैसेही वाचले असते. पण सबंध नौकेत मिळून असे सुमारे हजार बोल्ट त्याने घातले. एकट्याने हजार बोल्ट घालणे म्हणजे काय, ते ज्याने चाळीस घातले आहेत त्याला विचारावे. मी चाळीस घातले आहेत.

फटींत कापूस भरताना पाहून एक शहाणा म्हणाला, हा कापूस सरकणार. दुसराही तेच म्हणाला. प्रत्येक गावात असे काही लोक असतात. आमच्याकडे त्यांची कमतरता नाही. तेव्हा ओढाळ देवमाशांच्या मागे दोराने कैक मैल फरफटलेला एक म्हातारा कप्तान उसळला, की किती वेगाने सरकणार तेवढे सांगा, म्हणजे त्या आधी आम्ही बंदर गाठू! कापूस शेवटपर्यंत सरकला नाही.

अशा रीतीने जुन्या स्प्रेचा एक एक अवयव काढून त्या जागी नवा बसत गेला. कणा नवा, बरगड्या नव्या, तख्ते नवे, डोलकाठी न्यू हॅम्पशरच्या डोंगरातली नवी. मग जुनी नौका उरली कोठे? ग्रीक ग्रंथकार प्लुटार्कने थीसिअस राजाच्या जहाजाबद्दल हाच पेच सांगून ठेवला आहे: अथेन्सच्या लोकांनी त्याच्या कुजक्या फळ्या काढून नव्या घातल्या, आणि तत्त्वज्ञ भांडत बसले की जहाज तेच की वेगळे. स्लोकमला अशा वादाला सवड नव्हती. जहाजांच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉइड्सच्या नियमाचा दाखला देऊन, दुरुस्त होत होत पूर्ण नवी झालेली नौका तीच नौका, एवढे तो सांगतो आणि पुढच्या कामाला लागतो. जुनी केव्हा मेली आणि नवी केव्हा जन्मली हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. माझ्या आजीची एक गोधडी होती. तिचा वरचा पदर माझ्या आईच्या लुगड्याचा, आतला माझ्या बहिणीच्या परकराचा, टाके नवे. तरी ती आजीचीच गोधडी. घरात कोणाला त्याचे कोडे पडले नाही.

नौका तयार झाली. लांबी ३६ फूट ९ इंच, रुंदी १४ फूट २ इंच. खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट, आणि स्वतःची तेरा महिन्यांची मेहनत. मधूनमधून गोदीत जहाजांची कामे करून तो पोटापाण्याचे पाहत होता. त्या ६२ सेंटांवर माझा फार लोभ आहे. हा मनुष्य मोठा स्वप्नाळू होता असे लोक समजतात. स्वप्नाळू माणसे सेंट लिहून ठेवीत नाहीत. माझ्या होडीचा हिशेब मी अर्ध्यावर सोडला, कारण वही घरात कोणाच्या हाती पडावी हे मला इष्ट वाटेना. ती होडी पुढच्या दिवाळीला पाण्यात उतरली. अजूनही ती रोज घागरभर पाणी आत घेते. तात्याच्या मते कापूस मी घाबरत घाबरत ठोकला.

स्प्रे पाण्यात उतरली ती हंसासारखी बसली, असे तिच्या धन्याचे मत. आता वसुली! एक हंगाम त्याने मासेमारी करून पाहिली. गळाला आमिष नीट लावण्याची कला आपल्यात नाही असे त्याला आढळून आले. लोक जो प्रश्न विचारीत होते त्याचे उत्तर त्यांच्याच बाजूने लागण्याचा रंग दिसू लागला. तेव्हा त्याने ठरवले की पृथ्वीला फेरी घालावी. २४ एप्रिल १८९५ रोजी दुपारी बोस्टनहून त्याने नांगर उचलला. बरोबर कोणी नाही.

प्रवासाची हकीगत मी थोडक्यात उरकतो. किमती घड्याळ दुरुस्त करावयास पंधरा डॉलर पडत होते म्हणून ते त्याने घरी ठेवले, आणि वाटेत नोव्हा स्कोशियात दीड डॉलरचे पत्र्याचे घड्याळ, काच फुटलेली म्हणून एका डॉलरला, घेतले. त्यावर पृथ्वीप्रदक्षिणा झाली. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत रात्री चोर चढतील म्हणून डेकवर चुका पसरून तो झोपे, आणि अनवाणी चोर ओरडत पाण्यात उड्या घेत. प्रिटोरियाला ट्रान्सवालचे अध्यक्ष क्रूगर यांना भेटला. ते धर्मनिष्ठेने पृथ्वी सपाट मानीत, तेव्हा पृथ्वीभोवती फेरी ही भाषाच त्यांना मान्य होईना. भूगोलाच्या तासाला ही गोष्ट सांगितली की वर्गातले शेवटचे बाकही जागे होते. परतीच्या वाटेवर, १८९८ च्या मे महिन्यात, ओरेगॉन ही अमेरिकेची प्रचंड युद्धनौका त्याला भेटली आणि निशाणांनी तिने विचारले, आसपास शत्रूची जहाजे आहेत काय? स्पेनशी युद्ध सुरू झाल्याचे त्याला तेव्हाच कळले. नाहीत, असे कळवून त्याने पुढे निशाण लावले, की परस्परांच्या संरक्षणासाठी आपण बरोबर राहू या.

पण मला कौतुक वाटते ते सुतारकामाच्या परीक्षांचे. १८९५ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या किनाऱ्यावर स्प्रे वाळूत चढली. नांगर टाकावयास तो लहान होडीतून गेला, ती उलटली. तेव्हा त्याला आठवले की आपल्याला पोहता येत नाही. तो कसाबसा वाचला. लाटांनी बडवलेल्या स्प्रेचे मात्र कण्याखाली ठोकलेल्या लाकडापलीकडे फारसे नुकसान झाले नाही. कीलिंग बेटांपाशी तिची नाळ पोवळ्याच्या खडकावर आदळली. खडक दुभंगला, नाळेला ओरखडा नाही. तो कुरणातला ओक! आणि सर्वांत नवल म्हणजे सुकाणू बांधून ठेवले की ही नौका आपली आपण सरळ चाले. थर्सडे बेटापासून कीलिंगपर्यंतच्या २,७०० मैलांना तेवीस दिवस लागले. तेवढ्या अवधीत तो सुकाणूपाशी एकंदर तीन तासही उभा राहिला नाही. उरलेल्या वेळात वाचन, स्वयंपाक आणि डागडुजी. त्याच्यामागून कितीतरी जण या मार्गाने गेले. आपल्यापैकी कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय म्हणून परत आले. त्यांची 'म्हादेई' गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, आणि ती घडत असताना दोंदे स्वतः त्या कामात होते, हे वाचून मला फार बरे वाटले.

तीन वर्षे आणि दोन महिने. सुमारे ४६,००० मैल. २७ जून १८९८ रोजी स्प्रे न्यूपोर्टला लागली. परंतु स्लोकमचे समाधान होईना. ३ जुलैला तो तिला फेअरहेवनला घेऊन गेला आणि पाण्यात उतरवताना जो देवदाराचा खुंट काठावर ठोकला होता, त्याच खुंटाला तिला बांधले.

वसुली झाली काय? झाली, पण कोणाच्या ध्यानीमनी नव्हते त्या मार्गाने. तीन इयत्ता शिकलेल्या या मनुष्याने प्रवासाची हकीगत लिहिली; ती आधी मासिकात क्रमशः आणि १९०० साली पुस्तकरूपाने निघाली. त्यातली भाषा स्प्रेच्या तख्त्यांसारखी आहे, सांध्यातून उजेड दिसत नाही. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, आणि कादंबऱ्या लिहितो म्हणून माझ्या सर्टिफिकिटाची चौकशी करणारे विद्वान मला अधूनमधून भेटतात. त्यांच्यापुढे मी स्लोकमचे नाव घेत नाही, पण मनात घेतो.

पैसे आले, त्यांतून त्याने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर घर आणि जमीन घेतली. तेथे हेट्टी राहिली; तो फारसा राहिला नाही. जमिनीवरच्या संसाराची डागडुजी त्याला कधी जमली नाही. हिवाळा आला की तो स्प्रे घेऊन दक्षिणेकडे उबेला जाई. आणि इतकी निगा राखून बांधलेली ती नौका, तिच्याकडेही त्याचे पूर्वीसारखे लक्ष राहिले नाही. त्या वर्षांत ज्यांनी ती पाहिली त्यांनी लिहून ठेवले आहे, की दोर विटलेले, लाकूड कोरडे पडलेले, धनीही तसाच. साठी उलटलेल्या माणसाने दुसऱ्यांदा हजार बोल्ट घालावेत असे मी तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

१९०९ च्या सुमारास एका हिवाळ्याच्या तोंडाशी तो व्हिनयार्डहून एकटाच निघाला, आणि परत आला नाही. वादळ झाले, की एखाद्या आगबोटीने रात्री धडक दिली, ते कधीच कळले नाही. कोर्टाने १९२४ साली त्याला मृत ठरवले. स्प्रेची एक फळी किंवा त्या हजारांतला एक बोल्टही आजवर कोणाच्या हाती लागलेला नाही.